बोट दाखवलेली वाडी

दिवाळी सरली आणि मन नावाच्या नदीचं पाणी ओसरलं, की बाळापूरच्या खालच्या अंगाला वाळू उघडी पडते. पौष लागेपर्यंत ती रिकामी असते. मग माळ्यांची घरं तिथं उतरतात. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्यांच्या खोप्या उभ्या राहतात, वाळूत ओल लागेपर्यंत नाल्या खणतात, त्यात शेणखत भरतात, आणि होळी येईतो त्या पांढऱ्या वाळूवर टरबुजाचे, काकडीचे, डांगराचे हिरवे वेल पसरतात. वाळूतल्या या मळ्याला वाडी म्हणतात. वाडी लावली की गावातलं घर बंद. नवरा, बायको, लेकरं, कोंबड्या, सगळा संसार वाळूत येतो आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत तिथंच राहतो.

त्या वर्षी चंद्रभान बायकोवाचून आला. सोबत दोन लेकरं होती. शालूचे पुढचे दात पडून नवे येत होते, आणि गोवर्धन अजून चड्डीशिवाय फिरायच्या वयाचा होता.

त्याची बायको शकुन कार्तिकात गेली. आठवा महिना लागला होता. ताप भरला तो उतरलाच नाही, आणि ती पोटातल्या लेकरासकट गेली. दिवस झाले तेव्हा सासू पार्बताबाई हिवरखेडहून आली होती. जाताना ती म्हणाली, "चंद्रभान, पोट्टे मले दे. वाळूत तू एकटा बाप्या माणूस, दोन लेकरं कशी सांभाळशीन? तुले तं धड भाकर थापता येत नाही."

"थापीन," चंद्रभान म्हणाला. "वाडी त्याईच्या मायच्या बियाची हाये. लेकरं वाडीवरच राहतीन."

ते खरंच होतं. दर वर्षी पहिल्या तोडीच्या आधी शकुन वाडीतून फिरायची आणि एक टरबूज बियांसाठी राखायची. त्या फळाला कोणी हात लावायचा नाही. पुढं त्याच्या बिया धुऊन, वाळवून, राखेत घोळून ती मडक्यात ठेवायची. मागच्या वर्षीचं ते मडकं तिनं स्वतःच्या हातानं फडकं बांधून उतरंडीत ठेवलं होतं. चंद्रभाननं ते सोडलं तेव्हा फडक्याची गाठ त्याला बराच वेळ सुटेना. कापून टाकायचं त्याच्या जिवावर आलं.

बियांना मोड आणायचं काम बायकांचं. बिया भिजवून, ओल्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी कमरेला, अंगाशी धरून ठेवायची, म्हणजे थंडीतही ऊब मिळते आणि मोड फुटतात. शकुन ती पुरचुंडी लुगड्याच्या ओच्यात बांधायची. आता चंद्रभाननं ती धोतराच्या निऱ्यांत खोवली आणि तशीच नाली खणायला लागला. गोवर्धनला हसू आवरेना.

"बाबाच्या पोटात टरबूज हाये! थे पाय ताई, थे पाय!" असं म्हणत त्यानं बापाच्या पोटाकडं बोट केलं.

शालू खोपीच्या तोंडाशी बसली होती. ती धावत आली, भावाचा हात धरून त्याच्या बोटाला कचकन चावली. पोरगं ठो ठो बोंबललं.

"अवं, येडी झाली का?" चंद्रभान ओरडला. "लहान हाये थो! काहून चावली?"

शालू खाली मान घालून वाळूत बसली. चंद्रभाननं गोवर्धनच्या बोटावर फुंकर घातली, त्याला खांद्यावर घेतलं, आणि भावंडांची मारामारी म्हणून विसरून गेला.

शालूच्याही बोटाला एक चिंधी होती. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं बोट. घरून निघतानाच तिनं ते बांधलं होतं. विचारलं तर म्हणाली, "काटा लागला." चंद्रभान हळद लावून द्यायचा, चिंधी बदलायचा. पण वाळूत राहून महिना होत आला तरी ते बोट काही बरं होईना.

बाकी दिवस चांगले चालले होते. सकाळी चंद्रभान वाळूत झिरा उकरायचा. हातभर उकरलं की तळाशी गार, नितळ पाणी साचायचं, आणि शालू ते करवंटीनं घागरीत भरायची. भाकर पहिल्यांदा नदीच्या नकाशासारखी व्हायची, मग हळूहळू गोल व्हायला लागली. चून, म्हणजे बेसनाचं पिठलं, मात्र रोज गुठळ्यांचं. गोवर्धन त्या गुठळ्या वेचून वेचून खायचा. त्याला वाटायचं, बाबा मुद्दाम टाकतो.

काठावरच्या आमराईत त्या हिवाळ्यात डिप्टीसाहेबाचा मुक्काम पडला होता. पांढरे तंबू, घोडे, पट्टेवाले. चार दिवस राहून साहेब अकोल्याला गेला, पण गोवर्धनच्या डोक्यातून तंबू जाईना.

"बाबा, साहेब काहून तंबूत राहते? त्याले घर नाही का?"

"घर हाये. फिरतीवर आला होता थो. कॅम्प म्हणतेत त्याले."

"मंग आपला बी कॅम्प हाये!"

"हाव. आपला बी कॅम्पच हाये."

त्या दिवसापासून गोवर्धन डांगराचं पान डोक्यावर घेऊन साहेब व्हायचा. "चपराशी! पानी लाव!" म्हणायचा. चंद्रभान चंबू भरून आणायचा आणि कमरेत वाकून म्हणायचा, "जी हुजूर." शेजारच्या वाडीतली मैनाबाई हे पाहून लुगड्याचा पदर तोंडाला लावायची. हसताना तिला खोकला यायचा. मैनाबाई आणि तिचा नवरा जानराव जन्मभर याच वाळूत वाडी लावत आले होते. शकुन तिला मावशी म्हणायची.

माघ सरत आला तशी वेलांना फळं धरली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी, अंगावर बारीक लव असलेली. फळं धरली की वाडीतला मोठा नेम सुरू होतो. बाळफळाला बोट दाखवायचं नाही. दाखवलं की ते सडतं. दाखवायचंच असेल तर मूठ करून किंवा बोट मुडपून दाखवायचं. माळ्याच्या पोराला चालायला यायच्या आधी हे शिकवलेलं असतं. आणि चुकून बोट गेलंच, तर लगेच ते आपल्याच दातांखाली धरून चावायचं, म्हणजे दोष फळाला लागत नाही. शालूला हा चावण्याचा तोडगा मैनाबाईनं शिकवला होता, मागल्या वर्षी, याच वाळूत.

गोवर्धनला शिकवलेलं कुठं ध्यानात राहायला? तो दर फळाला बोट करून ओरडायचा. एकदा चंद्रभाननं त्याच्या हातावर चापट मारली. "किती खेपा सांगू? सडते थे!" चापट जोरात नव्हती. पण शालू दचकली ती जणू तिलाच लागली.

मग एका सकाळी चंद्रभान उठला तर शालू जागेवर नव्हती. तो झिऱ्याकडं गेला. उजाडत होतं. घागर बाजूला पडली होती आणि शालू पाण्याच्या काठाशी पाठमोरी उकिडवी बसली होती. चिंधी मांडीवर सोडून ठेवलेली. ते बोट तिनं दातांत धरलं होतं आणि डोळे मिटून चावत होती. 

चंद्रभान तिच्या शेजारी बसला. तिचा हात हळूच तोंडातून काढला. बोटावर जुने-नवे दातांचे वण होते. जिथं खपली धरली होती तिथं पुन्हा रक्त आलं होतं. 

"कोन्या फळाले बोट लागलं का माय?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

"मंग?"

ती पाण्याकडं पाहायला लागली. मग म्हणाली, "मायची ओटी भरली होती नं. थ्या दिवशी."

"हाव."

"बाया आल्या होत्या. त्याईनं मले इचारलं, शालू, तुहा भाऊ कुठी हाये व? म्या म्हटलं, अंगणात खेळून राह्यला. मंग थ्या म्हणे, थो नाही, दुसरा. मंग म्या मायच्या पोटाले बोट दाखवलं."

चंद्रभाननं तिच्या मांडीवरची चिंधी उचलून बोटावर दाबून धरली.

"सगळ्या बाया हासल्या. माय बी हासली. म्या बी हासली. अन् मंग..." तिचा आवाज फुटला. "मंग चावायचं राहून गेलं."

नदीच्या पलीकडं कोणाचा तरी बैल घंटा वाजवत पाण्यावर आला होता. चंद्रभाननं पोरीला ओढून मांडीवर घेतलं. ती आता मांडीवर बसायच्या वयाची राहिली नव्हती, पाय वाळूत लोंबत होते.

"आता रोज चावतो म्या," ती त्याच्या बंडीत तोंड घालून म्हणाली. "पण माय तं येत नाही."

"तुह्या मायले ताप आला होता," चंद्रभान म्हणाला. "तापानं गेली थे."

"ताप काहून आला?"

 कार्तिकापासून तोही तेच विचारत होता. "मले बी ठाव नाही शालू," तो म्हणाला. "पण तुह्या बोटानं नाही आला."

तिनं वर पाहिलं. त्याला कळलं की तिचा विश्वास बसला नाही. बसावा तरी कसा? ज्या तोंडानं 'सडते' म्हणून पोराला दटावलं, त्याच तोंडानं आता 'सडत नाही' म्हटलं, तर लेकरानं कोणत्या तोंडावर भरवसा ठेवायचा?

तो दिवसभर पाणी घालत होता आणि विचार करत होता. त्याचा बापही मूठ करूनच फळ दाखवायचा. बापाचा बापही. चंद्रभाननं जन्मात कधी बाळफळाकडं सरळ बोट केलं नव्हतं. नेम खरा की खोटा, हे तपासून पाहायची गरजच कधी पडली नव्हती. एखाद्या फळाला बोट दाखवून पोरीला म्हणावं, बघ, काही होत नाही? पण वेलाला धरलेलं सगळंच काही टिकत नाही. काही माशीनं जातं, काही उन्हानं, काही उगाच पिवळं पडून गळतं. नेमकं तेच गेलं तर? मग पोरीच्या मनातली गाठ जन्मात सुटायची नाही.

संध्याकाळी भाकर थापता थापता तो थांबला. एका फळाला नाही. सगळ्यांनाच बोट दाखवायचं.

रात्री त्याला नीट झोप आली नाही. वर्षाची भाकर त्या वेलांवर होती. आणि बिया शकुनच्या होत्या.

सकाळी ऊन वर आल्यावर त्यानं दोन्ही लेकरांना खोपीसमोर उभं केलं. दाराशीच एक वेल होता, त्याला मुठीएवढं टरबूज धरलं होतं, हिरवंगार, पांढऱ्या पट्ट्यांचं. चंद्रभाननं हात उचलला. बोट आपोआप मुडपलं. त्यानं दुसऱ्या हातानं ते सरळ केलं.

"हे," तो म्हणाला, आणि फळाकडं बोट दाखवलं.

शालूनं किंकाळी दाबली. "बाबा, चावा! लवकर चावा!"

"नाही चावत."

तो पुढच्या फळाकडं गेला. "हे." त्याच्या पुढच्या. "हे बी." एक नाली झाली, दुसरी झाली. गोवर्धनला वाटलं, हा नवा खेळ. तो पान डोक्यावर घालून दोन्ही हातांची बोटं करत मागं धावू लागला. "हे! हे! हे बी! साहेबाची तपासणी हाये!"

मैनाबाईनं तिच्या वाडीतून पाहिलं आणि हातातलं मडकं टाकून वाळूतून फडफडत आली.

"अरे ए चंद्रभान! का करून राह्यला रे? दारू-बिरू पेला का?"

"नाही मावशी. वाडी पाहून राह्यलो."

"अशी पाहतेत का वाडी? बोट खाली कर मुडद्या! शकुनच्या हातचं बी हाये थे!"

"म्हणूनच पाहून राह्यलो," चंद्रभान म्हणाला, आणि काकडीच्या वेलाला बोट दाखवलं.

"येडा झाला!" मैनाबाई नवऱ्याकडं वळून ओरडली. "अवो, ऐकलं का? चंद्रभान येडा झाला!"

जानरावनं आपल्या नालीतून मान वर केली, पाहिलं, आणि म्हणाला, "त्याची वाडी, त्याचं बोट. तू आपलं मडकं भर."

पूर्ण वाडी फिरून चंद्रभान परत आला तेव्हा त्याचा हात खांद्यापासून दुखत होता आणि तोंड कोरडं पडलं होतं. शालू होती तिथंच, हात पाठीमागं बांधून उभी. त्यानं तिचा हात मागितला. तिनं दिला नाही. त्यानं ओढला नाही.

"बरं," तो म्हणाला. "मंग तू फक्त पाहत जाय."

आणि ती पाहायला लागली. रोज सकाळी उठली की आधी वाडीत जायची, वाकून एकेक फळ बघायची. चंद्रभान भाकर भाजता भाजता तिच्याकडं बघायचा, आणि ती कुठं थांबली की त्याची भाकर करपायची.

एका सकाळी ती थांबली आणि उठलीच नाही. तो गेला. एक टरबूज बुडाशी काळं पडलं होतं, दाबलं तर बोट आत जात होतं. शालूचा चेहरा पांढरा झाला होता. तिचं बोट तोंडाकडं निघालंच होतं.

"थांब," चंद्रभान म्हणाला. त्यानं फळ उलटं केलं. बाजूला टाचणीनं टोचावं तेवढं एक भोक होतं. त्यानं फळ फोडलं. आत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. "पाय. माशी बसली होती इथिसा. हे बोट कोनाचं? माशीचं."

तिनं नाक मुरडलं, पण वाकून नीट पाहिलं. मग शेजारचं फळ पाहिलं. त्यालाही बोट दाखवलं होतं. ते चांगलं होतं. त्याच्या शेजारचंही.

त्याच दिवशी मैनाबाईच्या वाडीतून शिव्या ऐकू आल्या. तिचीही काही फळं सडली होती. चंद्रभान बांधाशी गेला. "मावशी, तुमच्या वाडीत कोनं बोट दाखवलं व?"

"तुह्याच बोटाची हवा आली मेल्या!" मैनाबाई फणकारली. "आता तरी सांग, का भूत शिरलं होतं तुह्या अंगात?"

शालू दूर होती. चंद्रभाननं सांगितलं. दोन-चार वाक्यांतच सांगितलं, जास्त त्याला सांगवलं नाही. मैनाबाई ऐकता ऐकता वाळूत खाली बसली.

"चावायचं म्याच शिकवलं रे तिले," ती म्हणाली. "माह्या तोंडाले आग लागो." मग बराच वेळ ती पदरानं डोळे पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं हाक मारली. "ए शालू! इकडं ये माय!" शालू गेली. मैनाबाईच्या खोपीजवळ एक डांगर होतं, अजून कोवळं, पण साऱ्या वाळूत तेवढं मोठं कोणाचं नव्हतं. म्हातारीनं डोळे घट्ट मिटले, हात लांब केला आणि डांगराला बोट दाखवलं. "पाह्यलं का? म्या बी दाखवलं. काई होत नाही. जाय आता, खेळ."

शालू वळून दोन पावलं गेली असेल. मैनाबाईनं इकडं तिकडं पाहिलं आणि ते बोट गुपचूप तोंडात घालून चावलं. बांधावरून चंद्रभाननं ते पाहिलं. जानरावनंही पाहिलं. दोघंही आपापल्या वेलांकडं वळले.

होळी झाली. ऊन तापायला लागलं तशी फळं भरली. सडली ती सडली, दर वर्षीसारखीच. राहिली ती वाळूत पसरून राहिली, दुरून पाहिलं तर हिरव्या मेंढ्या बसल्यासारखी. मैनाबाईचं डांगर तर एका माणसाला उचलेना. चिंधी कधी सुटली ते चंद्रभानच्या ध्यानात आलं नाही. एक दिवस शालूनं घागर आणून ठेवली तेव्हा त्याला दिसलं, बोट मोकळं होतं. वणांवर नवी, गुलाबी कातडी आली होती.  त्या दिवशी त्यानं चून जरा जपून घाटलं.

पहिली तोड करायच्या दिवशी सकाळी जानराव गाडी घेऊन येणार होता, दोघांचा माल बाळापूरच्या बाजारात न्यायला. चंद्रभाननं नेहमीसारखं एक टरबूज आधी नदीला वाहिलं, दुसरं फोडून लेकरांपुढं ठेवलं. लालभडक निघालं. गोवर्धनचं तोंड, पोट, गुडघे, सगळं रसानं माखलं.

चंद्रभान विळा घेऊन वाडीत शिरला आणि थबकला. बियांचं फळ अजून राखलं नव्हतं. ते शकुन निवडायची. कशावरून निवडायची हे त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. तो या वेलापासून त्या वेलापर्यंत फिरला. सगळीच सारखी दिसत होती.

"शालू," त्यानं हाक मारली. "बियाचं कोन्तं ठेवू व?"

शालू हातातली फोड ठेवून आली. तिनं आईला हे करताना पाहिलं होतं. ती नालीनालीनं फिरली, वाकली, एकदोन फळांवर टिचकी मारून कान लावला, आणि शेवटी खोपीच्या दाराशी परत आली. तिथं ते टरबूज होतं ज्याला चंद्रभाननं सगळ्यांत आधी बोट दाखवलं होतं. आता ते गोवर्धनच्या कवेत मावलं नसतं.

तिचा हात उठला. बोट सरळ, ताठ, रसानं चिकट झालेलं.

"हे," ती म्हणाली.

"ताई, चाव!" गोवर्धन ओरडला. "बोट चाव!"

"नाही चावत," शालू म्हणाली. मग ते बोट तिनं त्याच्यापुढं धरलं. "तूच चाव घे."

गोवर्धननं बोट तोंडात घेतलं, जरा वेळ चोखलं, आणि म्हणाला, "गोड हाये."

चंद्रभाननं एक पऱ्हाटी मोडून त्या फळाजवळ वाळूत रोवली, कोणी चुकून तोडू नये म्हणून. काठावरून जानरावच्या गाडीचा आवाज येत होता. त्यानं विळा उचलला आणि दुसऱ्या टोकाकडून तोडायला सुरुवात केली.